'इतर झाडे' या रकान्यातून एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, आदिवासी विकास,
मा. आयुक्त, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (टीआरटीआय), पुणे,
मा. महासंचालक, महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था),
आणि ऊर्जा खात्यात जे कोणी हे वाचेल ते.

साहेब, मॅडम, जोहार.

मी अकोले तालुक्यातला, महादेव कोळी आदिवासी. अकोला नाही, अकोले, दर वेळी सांगावं लागतं. पीएचडी करतोय, चौथं वर्ष चालू आहे. हे पत्र आधी अर्ज म्हणून लिहायला घेतलं होतं पण अर्जात 'विषय' आणि 'महोदय' यांच्यामध्ये मावेना, म्हणून खुलं करून टाकतोय.

सुरुवात एका मांडवापासून करतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवायच्या) प्रकल्पाची जनसुनावणी होती, मी मामाला घेऊन गेलो होतो. मामाची जागा जाणार म्हणून नाही, त्याच्या बाजूनं फक्त टॉवरलाईन जाणार होती. समोर टेबलावर अहवाल, इंग्रजीत, उशीएवढा जाड, आणि त्याच्यासोबत मराठीतला सारांश, चाळीसेक पानांचा. मामा सातवी शिकलेला, तो सारांश उलटून पालटून बघत होता आणि एका पानावर थांबला. झाडांचा तक्ता होता. साग अमुक, ऐन अमुक, आंबा, जांभूळ, आणि शेवटच्या ओळीत 'इतर झाडे : 37'. मामा म्हणला, यात हिरडा कुठंय रे? मी सगळं पान दोनदा बघितलं. हिरडा नव्हता. म्हणजे होता, 'इतर' मध्ये होता.

आता तुम्ही आदिवासी विकास खात्यात आहात, तुम्हाला हिरडा सांगायची गरज नसावी, पण महाऊर्जावाल्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात, आणि त्याच पैशावर पेरणीचं बी, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळं निघतं. एका घराची चार-पाच झाडं असतात, कुणाची पंधरा. कुठलं झाड कुणाचं हे गावात लहान पोरालाही माहीत असतं, सातबाऱ्यावर असो की नसो. 2020 ला निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावकडं हिरडा आडवा झाला तेव्हा त्याच्या भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, ते पेपरात आलेलं तुम्ही वाचलंच असेल. जे झाड कागदावर मोजलं जात नाही त्याची भरपाई मागताना आधी ते झाड आहे हेच सिद्ध करत बसावं लागतं.

ज्यानं तो तक्ता केला तो काही वाईट माणूस नसणार. कुठल्या तरी सल्लागार कंपनीचा पोरगा असेल, आठ दिवसांसाठी आला असेल, त्याला हिरडा आणि बेहडा ओळखता आला नसेल. माझं म्हणणं एवढंच आहे की ओळखणारी पोरं आहेत, शिकलेली आहेत, एमएस्सी, एमएसडब्ल्यू, बीई झालेली आहेत, आणि ती आज तासिका तत्त्वावर शिकवतायत नाहीतर पुण्यात डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन फिरतायत. त्यांना या विषयावर पीएचडी करायला पैसे द्या. स्वच्छ ऊर्जा, सौर, पवन, पंप्ड स्टोरेज, बॅटरी, ट्रान्समिशन, आणि त्याच्याखाली येणारी आदिवासी जमीन, जंगल, पाणी, या विषयासाठी वेगळ्या, राखीव, वेळेवर मिळणाऱ्या फेलोशिप. बस, मागणी एवढीच आहे, बाकीचं पत्र ही मागणी का आणि कशी याच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज काढतो. मी प्रकल्पविरोधी वगैरे नाही. आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर घाटघर आहे. महाराष्ट्रात पंप्ड स्टोरेज म्हणजे काय हे ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी तिथं जावं. वर घाटघरला एक धरण, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं, मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर, 125 मेगावॅटचे दोन संच, एकूण 250, 2008 पासून चालू. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, विजेला मागणी आली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे ही वीज बनवायची गिरणी नाहीच, विजेचा माठ आहे. पूर्वी हा माठ रात्री भरायचे कारण रात्री कोळशाची वीज उरायची. आता दुपारी सौर वीज उरते म्हणून दुपारी भरायचा आणि संध्याकाळी लोक घरी येऊन टीव्ही-एसी लावतात तेव्हा ओतायचा. माझा काका त्या बोगद्याच्या कामावर मजुरीला होता, आमच्या घरात पहिला पंखा त्याच पैशातनं आला. तर विरोध कसला.

पण आता एक घाटघर राहिलेलं नाही. 2030 पर्यंत देशाला 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा-तेल-वायू सोडून) क्षमता करायचीय, 2070 ला नेट झिरो, आणि 2025 मध्ये निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाल्याचं केंद्रानं जाहीर पण केलं. चांगली गोष्ट आहे. सौर जेवढं वाढणार तेवढे माठ लागणार, आणि माठ ठेवायला उंच कडा आणि कड्याखाली दरी लागते, आणि महाराष्ट्रात अशी जागा म्हटलं की सह्याद्री. भिवपुरीला 1000 मेगावॅट, शिरवत्याला 1800, इगतपुरी-शहापूरच्या मधे भावलीला 1500, अशी नावं येतच चाललीयत. नकाशावर ही सगळी ठिकाणं बोटानं जोडत गेलात तर बोट महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांवरूनच फिरतं. कातकरी तर केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे.

घाटघरला पाऊस एवढा पडतो की लोक त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं). आणि त्याच डांगाणातल्या (आमच्या डोंगरी पट्ट्यातल्या) वाड्यांवर एप्रिल लागला की बायका हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. वर एवढं पाणी रोज चढतंय-उतरतंय आणि खाली झरा का आटतो, बोगद्याचा आणि झऱ्यांचा काही संबंध आहे की नाही, हा साधा प्रश्न आहे. असेल संबंध किंवा नसेलही. मला तो मोजायचाय. माझ्या पीएचडीचा निम्मा भाग तोच आहे. एकशे बारा झरे मी आणि माझ्या आत्याच्या पोरानं फिरून लिहिलेत, प्रत्येकाला नाव आहे, आणि ती नावं कुठल्याच सरकारी नकाशात नाहीत. आत्या नसती तर मला त्यातले तीस पण सापडले नसते.

आता माझी फेलोशिप. कुठली ते सांगत नाही, उगाच तिथल्या क्लार्कताईंना त्रास नको, त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत. फॉर्म भरताना विषयाचा ड्रॉपडाऊन होता. समाजकार्य होतं, पर्यावरण होतं, विद्युत अभियांत्रिकी होतं. माझा विषय या तिघांच्या मधल्या फटीत. पर्यावरण टाकलं. छाननीत शेरा आला, विषय विद्याशाखेशी सुसंगत नाही. मग गाईडचं पत्र, मग विभागप्रमुखांचं पत्र, मग जात वैधता प्रमाणपत्राची पुन्हा साक्षांकित प्रत (वैधता एकदा मिळाली की मिळाली ना? ती पुन्हा पुन्हा का सिद्ध करायची, महादेव कोळ्यांनी तर या एका कागदापायी पिढ्या घालवल्यात), मग हमीपत्र. रजिस्ट्रेशननंतर पहिला हप्ता हातात पडायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत मी एका कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवलं, त्याचं मानधन वर्षाच्या शेवटी आलं, आणि भावानं बैल विकले. खिलारी नाही, डांगी होते, ज्यांना कळतं त्यांना कळेल.

आणि पैसे सुरू झाले तर हजेरी. आठवड्याला विद्यापीठात बायोमेट्रिक अंगठा. अहो माझं फील्ड डोंगरात आहे, मी झऱ्याची धार एप्रिल-मे मध्ये मोजणार की लिफ्टशेजारच्या मशीनवर अंगठा ठेवायला एसटीनं येणार? दोन उन्हाळे गेले असे. झऱ्याच्या अभ्यासात दोन उन्हाळे म्हणजे काय ते सांगायला नको.

केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, माहितीय मला. अख्ख्या देशातल्या अनुसूचित जमातीच्या (एसटी) विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 750, सगळ्या विषयांना मिळून. 2011 च्या जनगणनेत देशात आदिवासी साडेदहा कोटींच्या आसपास, त्यातले एक कोटी पाच लाख महाराष्ट्रात. पहिल्या टप्प्याच्या फेलोशिपची (जेआरएफ) महिन्याची रक्कम 2023 पासून 37 हजार झाली, पुढच्या टप्प्याची (एसआरएफ) 42 हजार, तेही चांगलंच झालं. परदेशी शिकायला एसटीसाठी केंद्राच्या वर्षाला 20 जागा. यातल्या कितीजणांनी ऊर्जा घ्यावी असं कोण सांगणार? कोणीच नाही, आणि सांगूही नये. इथं एक आक्षेप येतो जो माझ्याच एका मैत्रिणीनं घेतला, ती म्हणली तुम्ही आदिवासी पोरांना आदिवासी विषयातच कोंबताय, मला उद्या कृष्णविवरांवर पीएचडी करायचीय तर मी काय करू. शंभर टक्के बरोबर आहे तिचं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आहे त्या जागांतून एकही काढायची नाही, या वरच्या हव्यात. तिला कृष्णविवर, मला झरा.

मग ऊर्जाच का, शेती का नाही, आरोग्य का नाही, असं तुम्ही विचाराल. कारण सौर आणि पवन प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या बाहेर आहेत ते. म्हणजे जनसुनावणी नाही, अहवाल नाही, 'इतर झाडे 37' एवढी ओळसुद्धा कुठं लिहिली जात नाही. पंप्ड स्टोरेजला निदान बहुतेक ठिकाणी मांडव तरी पडतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जाऊन बघा, पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, खाली शिवाजीनगरला 2013 पासून 125 मेगावॅटचा सरकारी सौर प्रकल्प आहे. त्या पठारावर आधी कोण गुरं चारायचं, कुणाचे वनहक्काचे दावे होते, रस्ते फोडल्यावर पाणी कुठं वळलं, हे लिहायला कायद्यानं कुणीच बांधील नाही. ते लिहिलं जाईल तर कुणाच्या तरी थीसिसमध्ये, नाहीतर नाहीच.

आणि लिहिलेलं असलं की काय होतं ते नॉर्वेत झालं. फोसेन नावाच्या भागात 151 पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथले सामी आदिवासी लोक रेनडिअर पाळतात, ते म्हणत होते आमची हिवाळी कुरणं गेली, जनावर तिकडं फिरकत नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की परवानेच अवैध आहेत, सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झालाय. चक्क्या आजही फिरतायत ती गोष्ट वेगळी, वाटाघाटी होऊन करार झाले. पण जनावर चक्कीजवळ चरत नाही हे कोर्टापुढं मांडावं लागतं, आणि त्यासाठी आधी कुणीतरी वर्षानुवर्षं त्या जनावरामागं फिरलेलं असावं लागतं. आमच्या डांगी गाईचं कोण मांडणार?

तुम्हाला वाटेल हा फक्त भरपाईचा आणि तक्रारीचा विषय आहे. नाही हो. नंदुरबारचं बिलगाव आठवा, धडगाव (अक्राणी) तालुक्यातलं. तिथं 2003 मध्ये गावानं श्रमदान करून, बाहेरच्या इंजिनियर मित्रांच्या मदतीनं, ओढ्याच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. घरोघर बल्ब लागले. आणि पुढं सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. सरदार सरोवर 1450 मेगावॅटचा, त्यातली 27 टक्के वीज महाराष्ट्राची, आणि त्यासाठी महाराष्ट्रातली 33 गावं बाधित, सगळी अक्कलकुवा-अक्राणीतली. मोठ्या जलविद्युतनं छोटं जलविद्युत गिळलं, दोन्ही कागदोपत्री स्वच्छ ऊर्जाच. माझ्या ओळखीची एक पावरा मुलगी आहे, इलेक्ट्रिकलची बीई, तिला यावरच काम करायचंय, की आजच्या किमतीत, आजच्या बॅटऱ्या घेऊन, सातपुड्यातल्या कुठल्या ओढ्यावर काय उभं राहू शकतं. तिला लोकांशी पावरीत बोलता येतं, टर्बाइनचं गणित येतं. असं कॉम्बिनेशन तुम्ही जाहिरात देऊन मागवलं तरी मिळणार नाही. ती सध्या एका कंपनीत टेंडर भरायचं काम करते.

वनहक्क कायद्यातलं कलम 3(2) तुमच्या खात्यात रोजच्या वापरातलं असेल. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांच्यासोबत त्या यादीत 'अपारंपरिक ऊर्जा स्रोत' पण आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस, एवढ्यात गावाचा स्वतःचा सौर प्रकल्प वनजमिनीवर होऊ शकतो. या एका उपकलमावर दोन-तीन चांगल्या पीएचडी होतील, नुसत्या कायद्याच्या नाही, इंजिनियरिंगच्याही. नाहीतर काय होतं ते आमच्या वाडीत बघायला या. कुठल्या तरी योजनेत घरोघर सोलर दिवे वाटले होते, दीड वर्षात बॅटऱ्या बसल्या, बदलायला कोणी आलं नाही, आता आमच्या शेजारची म्हातारी त्या पॅनलवर वाळवण घालते. छान वाळतं म्हणते, काळं आहे ना, तापतं.

तर कसं करायचं ते माझ्या परीनं सांगतो, तुम्ही मोडतोड करा. टीआरटीआयनं निवड करावी, पैसा ऊर्जा खात्यानं आणि महाऊर्जानं द्यावा, कारण फायदा त्यांचाय. वर्षाला पंचवीस जणांनी सुरुवात. 50 हजार महिना, त्यातच फील्डचा खर्च आला. हिशोब करून बघितला, पंचवीस जणांचे वर्षाचे दीड कोटी, एका तुकडीचे पाच वर्षांचे साडेसात कोटी. 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्यानं टाटा पॉवरसोबत भिवपुरी आणि शिरवत्याचा सामंजस्य करार केला तेव्हा 2800 मेगावॅटला 13 हजार कोटी असा आकडा जाहीर झाला होता, म्हणजे मेगावॅटला साडेचार कोटीच्या वर. त्या भावानं पंचवीस पीएचडी म्हणजे दोन मेगावॅटसुद्धा होत नाहीत. 2800 मधले दोन.

पैसे रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून आणि महिन्याच्या महिन्याला, खात्यावर. उशीर झाला तर कोणामुळं झाला ते पोर्टलवर दिसू द्या, जसं पार्सल कुठं अडकलंय ते दिसतं तसं. हजेरी फील्डवरून, हवं तर ग्रामसेवकाची सही घ्या, आम्ही देऊ. गाईड विद्यापीठाचा असेल पण सोबत गावातला एक जाणकार सहमार्गदर्शक म्हणून असावा आणि त्यालाही मानधन असावं, माझ्या आत्यानं जेवढं शिकवलं तेवढं मला कोणत्याच कोर्सवर्कनं शिकवलेलं नाही आणि तिचं नाव माझ्या थीसिसमध्ये फक्त आभारात येणार. धरणांच्या पाण्याच्या रोजच्या नोंदी, प्रकल्प अहवाल, टॉवरलाईनचे नकाशे हे या संशोधकांना मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळावेत, माहिती अधिकारात वर्ष घालवायला लागू नये. थीसिस जमा करायच्या आधी निष्कर्ष त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचे, मराठीत किंवा पावरीत किंवा माडियात, हे बंधनकारक करा. आमचे प्राध्यापक यावर हसतील, हसू द्या. चुकीचं लिहिलं असेल तर ग्रामसभेत दहा मिनिटांत कळतं, परीक्षकाला दहा महिन्यांत कळत नाही.

वयाची अट लावू नका. आमच्यात पोरी लग्न, बाळंतपण सगळं उरकून पस्तिशीत परत शिकायला येतात. टक्क्यांची अट पण नको, आश्रमशाळेतून आलेल्याला पंचावन्न टक्के म्हणजे काय असतं हे तुमच्याच खात्याला सगळ्यात जास्त माहितीय, शाळा तुमच्याच आहेत.

माझी स्वतःची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, त्यामुळं हे माझ्यासाठी नाही मागत. माझा चुलतभाऊ यंदा भूगर्भशास्त्रात एमएस्सी झाला, बोगदा खोदताना झऱ्याची शीर कुठं तुटते हे खडक बघून सांगता येतं असं तो म्हणतो, त्याला त्यावरच पीएचडी करायचीय. पुण्याच्या एका बोअरवेलवाल्यानं त्याला नोकरी देऊ केलीय, महिना अठरा हजार. दिवाळीनंतर कळवतो असं त्यानं सांगून ठेवलंय. पोर्टलवरच्या ड्रॉपडाऊनमध्ये एक ओळ वाढवायला तुमच्याकडं किती दिवस लागतात तेवढं कळवलंत तर मी त्याला सांगेन.

आपला,
अकोल्याचा नाही, 'अकोला का?' असं पुसणाऱ्याला थांबवून 'अकोले' म्हणणारा एक संशोधक विद्यार्थी

ता.क. मामानं त्या सुनावणीत उठून माईकवर हिरड्याचं सांगितलं. नंतर इतिवृत्त मागवलं, त्यात लिहिलंय, 'एका ग्रामस्थाने झाडांबाबत विचारणा केली.'